चौदा मिलिगलचा फरक

त्या दिवशी डच नौदलाच्या ‘के १३’ पाणबुडीच्या गुरुत्व-मोजण्या नव्या नकाशावर चढवत होतो. १९२६ साली ही बोट डेन हेल्डरहून निघून पनामा, होनोलुलू, गुआम, मनिला करत सुराबायाला पोचली. ‘के’ ही वसाहतींसाठी बांधलेल्या बोटींची खूण. मोजणारे होते डच भूभौतिकशास्त्रज्ञ वेनिंग माइनेस, लंबकांच्या डोलण्यावरून गुरुत्व काढणारे.

नव्या आकड्यांशी ताडलं तर जुने जवळपास सगळीकडे चौदाएक मिलिगलने जास्त. (मिलिगल म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाचा साधारण दहा लाखावा भाग.) हे कोडं सोपं होतं. तेव्हाची सगळी मूल्यं जर्मनीतल्या पॉट्सडॅमच्या संदर्भ-मूल्याला बांधलेली होती, आणि ते मूल्यच सुमारे १४ मिलिगलने जास्त होतं. १९७१च्या गुरुत्व-स्थानकांच्या जागतिक जाळ्याने ते सुधारलं. ताडताना मात्र मूळ गुरुत्वच घ्यावं, विसंगती (म्हणजे सूत्राने अपेक्षित गुरुत्वापासूनचा फरक) नाही, कारण तिच्यामागचं सूत्रही मधल्या काळात बदललंय.

चौदा वजा केले तरी गुआमच्या बाजूचा एक बिंदू जास्तच राहिला. आधी खोली तपासली. बोट ३० मीटर खाली असेल तर समुद्रसपाटीला आणताना मीटरमागे ०.२२, म्हणजे ६.७ मिलिगल वजा होतात. डोक्यावरच्या पाण्याचं आकर्षण विसरलं तर ९.३ जातात आणि चूक उलट्या दिशेला होते. इथे ते बरोबर होतं.

मग लाटा, कारण त्यांच्या हेलकाव्याने लंबकाची मोजणी बिघडते. ६ सेकंदांची लाट ३० मीटरवर साडेतीन टक्क्यांपर्यंत विरते, पण १० सेकंदांच्या लाटेचं तीस टक्के बळ खालीही उरतं. एका पातळीत डोलणाऱ्या दोन सारख्या लंबकांच्या कोनांतला फरक घेतला की आडवा हेलकावा गळून पडतो. ही युक्ती मला आजही थक्क करते. फोटोच्या कागदावर उमटलेल्या प्रकाशरेषांतून हे सगळं वाचायचं! लंबकाचा वेळ मोजणारं घड्याळ दिवसाला ०.०४ सेकंद चुकलं तरी १ मिलिगल जातो. शिवाय बोटीच्या प्रवेगांचा बारीक परिणाम असतो, तो ब्राउन या संशोधकाने १९३७ साली दाखवला. म्हणजे १९२६च्या हिशोबात तो नव्हताच.

माझा संशय मात्र प्रवाहावर गेला. पश्चिमेला जाताना लंबकाला गुरुत्व जास्त भासतं. ते वजा करायला जमिनीच्या हिशोबातला वेग लागतो. बोटीला कळतो पाण्यातला. तिथला विषुववृत्तीय प्रवाह पश्चिमेलाच वाहतो. त्या अक्षांशावर एक नॉटचा (तासाला एक सागरी मैल) प्रवाह हिशोबातून सुटला, तर ७.३ मिलिगल शिल्लक राहतात.

बुडालेल्या बोटीला तारे दिसत नाहीत, त्यामुळे प्रवाह नंतर ताडून काढणं मला पटेना. बिंदू तसाच ठेवला, त्रुटी ८ मिलिगल लिहिली आणि शेऱ्यात ‘प्रवाह’ टाकलं.