ट्रेलर जोडून कोल्हापूर ते कुणकेश्वर: भुईबावड्याने उतरू नका

मागे ट्रेलर जोडलेला असेल आणि गाडीत मुलं असतील, तर गगनबावड्याहून भुईबावडा घाट उतरू नका. बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा. आम्हाला हे कोणीच सांगितलं नव्हतं. उलट याच घाटाने जा, असं आग्रहाने सांगणारे भेटले.

आमची बोलेरो, चालवणारी मी, शेजारी नवरा, मागे थोरली नऊ वर्षांची आणि धाकटा पाचचा. ट्रेलर माझ्या भावाने उद्यमनगरात बांधून घेतलेला: एका अ‍ॅक्सलचा, आत दोन माणसं झोपतील एवढी गादी, मागचं झाकण उचललं की शेगडी आणि भांड्यांची फळी. नाताळच्या सुट्टीत देवगडजवळ कुणकेश्वरला जायचं ठरलं. गाडी मी बरीच वर्षं चालवते, कोकणात पूर्वीही उतरले आहे, पण मागे काही जोडून कधीच नाही. आदल्या रात्री झोप लागली नाही.

काळजी बोलून दाखवली की प्रत्येकाचं उत्तर एकच: "ट्रॅक्टरवाला ऊस भरून दोन-दोन ट्रॉल्या ओढतो, तुला एक ओढवत नाही व्हय?" ही तुलना मुळातच चुकीची आहे, आणि तुम्हालाही ती ऐकवली जाईल म्हणून सांगते. ऊसवाला शेतातून कारखान्यापर्यंत सपाट रस्त्याने जातो, सावकाश जातो, आणि समोरचा सगळा रस्ता त्याला घाबरून बाजूला होतो. ओढायचा प्रश्न आमच्याही गाडीला आला नाही. प्रश्न आला थांबायचा आणि मागे घ्यायचा, आणि त्याबद्दल कोणी एक शब्द काढला नव्हता.

निघण्याआधी ट्रेलर भरून वजनकाट्यावर न्या. आपल्या भागात काट्यांना तोटा नाही, दहा मिनिटांचं काम आहे. बांधणाऱ्याने चारशे किलो सांगितलं होतं, सामानासकट काटा सहाशेच्या वर गेला. या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नाहीत, म्हणजे ते सहाशे किलोही बोलेरोच्याच ब्रेकनी थांबवायचे. युरोपात साडेसातशे किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. आपल्याकडे ट्रेलर घेताना किंवा बांधून घेताना ब्रेकचं पहिल्यांदा विचारा, गादी आणि पडद्यांचं नंतर. कागदपत्रांचंही तसंच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलर धरला आहे, तेव्हा त्याची वेगळी नोंदणी लागते. विमा कंपनीकडून ट्रेलर जोडल्याचं लेखी घ्या. आणि चालत्या ट्रेलरमध्ये कोणीही बसायचं नाही, मूल तर नाहीच. धाकट्याने आत झोपायचा हट्ट धरला होता. रडू दिलं.

सामान कसं भरता यावर गाडी सरळ चालणं अवलंबून आहे. पाण्याचे वीस लिटरचे कॅन अगदी मागे, शेगडीपाशी ठेवा म्हणजे काढायला सोपे, असा सल्ला मिळाला होता. रंकाळा, फुलेवाडी, बालिंग्याचा पूल इथपर्यंत रहदारीत काही जाणवलं नाही. कळ्याच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला, वेग सत्तरच्या आसपास गेला आणि ट्रेलर मागे डावीकडे-उजवीकडे झुलायला लागला. त्या झुलण्याने बोलेरोचं बूड हलत होतं. अशा वेळी ब्रेक मारायचा नाही आणि स्टिअरिंगने उलटं ओढायचंही नाही. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरून ठेवायचं, वेग उतरला की ट्रेलर आपोआप शांत होतो. झाला. बाजूला थांबून सगळे कॅन अ‍ॅक्सलच्या थोडे पुढे आणले, मग परत झुलला नाही. हिशोब असा की ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा भाग हुकावर यायला हवा. सहाशे किलोला साठ. घरचा वजनकाटा ट्रेलरच्या दांड्याखाली ठेवून हे मोजता येतं. वेग साठच्या वर न्यायचं कारणच नाही.

गळीत हंगामात या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात, कुडित्र्याच्या आसपास तर रांगा. त्यांना ओलांडताना आपली लांबी किती वाढली आहे हे डोक्यात ठेवा. गाडी पुढे गेली म्हणजे आपण ओलांडून झालो असं होत नाही.

आता गगनबावडा. इथून खाली उतरायला दोन घाट: एक करूळ, तो वैभववाडीला जातो, दुसरा भुईबावडा, तो खारेपाटणच्या बाजूला उतरतो. माझा आतेभाऊ दर महिन्याला मोटारसायकलवरून कोकणात जातो. तो म्हणाला होता, "ताई, करूळला ट्रकांची गर्दी असतीया. भुईबावडा रिकामा, निवांत उतरशील." फोनवरच्या नकाशानेही त्या सकाळी तोच रस्ता दाखवला. मोटारसायकलवाल्याला घाट विचारू नका. त्याने मनापासून सांगितलं असतं, पण त्याला रस्त्याची रुंदी कधी लागलेलीच नसते. नकाशालाही तुमच्या मागे काय जोडलं आहे ते कळत नाही. विचारायचंच असेल तर गगनबावडा स्टँडवर एसटीच्या ड्रायव्हरला विचारा. दोन मिनिटं थांबतो, नीट सांगतो.

भुईबावडा अरुंद आहे, उतार तीव्र आणि वळणं जवळजवळ. सकाळचं धुकं पूर्ण विरलेलं नव्हतं. पहिल्याच मोठ्या वळणावर कळलं की गाडीची चाकं ज्या रेघेत वळतात त्या रेघेत ट्रेलरची वळत नाहीत, ती वळणाच्या आतल्या बाजूला सरकतात. गाडी व्यवस्थित वळली आणि ट्रेलरचं डावं चाक डोंगराकडच्या गटारात उतरलं. धाडकन आवाज, मागे मुलं किंचाळली. चाक स्वतःच वर आलं, पण तिथून पुढे माझे हात थरथरत होते. नवऱ्याने खिडकी खाली करून आरशाबरोबर स्वतःही मागे बघत, "अजून बाहेरून, अजून," असं प्रत्येक वळणावर सांगायला सुरुवात केली. हे काम शेजारच्या माणसाला आधीच नेमून द्या. त्याने फोन बघायचा नाही, मुलांकडेही बघायचं नाही.

घाटाच्या साधारण मध्यावर एका वळणात खालून एसटी आली. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची हा नियम मला पाठ आहे, म्हणजे मागे मीच जायचं. चढावर, वळणात, ट्रेलर घेऊन. ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग ज्या बाजूला फिरवता त्याच्या उलट बाजूला तो जातो. मैदानात सराव केला होता. पण घाटात डाव्या हाताला दरीचा कठडा असताना तो सराव उपयोगी पडत नाही. दोन हात मागे गेले आणि ट्रेलर गाडीशी जवळजवळ काटकोनात दुमडला. आता पुढे एसटी, मागे दोन जीप येऊन थांबलेल्या, क्लच आणि ब्रेकचा जळका वास, आणि धाकटा विचारतोय, "आई, आपण खाली पडणार का?"

एसटीचा ड्रायव्हर उतरून आला. आवाज न चढवता म्हणाला, "ताई, तुमी गाडीतच बसा. ब्रेकवरचा पाय काढू नका. आदी दगड लावूया." त्याने आणि कंडक्टरने बोलेरोच्या चारही चाकांना आणि ट्रेलरच्या दोन्ही चाकांना दगड लावले. मग नवऱ्याने मुलांना उतरवून डोंगराच्या बाजूला उभं केलं, जीपमधल्या एका मावशींनी दोघांचे हात धरले. हुक सोडला, ट्रेलरच्या दिव्यांची वायर काढली, सहाजणांनी मिळून ट्रेलर हातांनी डोंगराला लावला. मी एकटी गाडी थोडी पुढे घेतली, एसटी अंगाला घासून गेल्यासारखी निघून गेली, मग पुन्हा जोडणी. त्या माणसांना चहा पाजायलाही जागा नव्हती तिथे. हे वाचून कोणी असा अडकलात तर क्रम हाच ठेवा: आधी दगड, मग मुलं खाली, मग हुक. दगड लावल्याशिवाय हुकाला हात लावायचा नाही, सहाशे किलो उतारावर कोणाचं ऐकत नाहीत. जाड लाकडाचे चार ठोकळे घरूनच घेऊन जा. धुक्यात रस्त्याकडेला दगड शोधत फिरणं धोक्याचं आहे.

खाली उतरेपर्यंत पहिला गिअर, क्वचित दुसरा. जो गिअर चढायला लागेल त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे जुने ड्रायव्हर सांगतात ते अगदी खरं आहे. ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. दाबायचा, वेग खाली आणायचा, सोडायचा. सतत दाबून धरला की पॅड तापतात आणि मग पेडल कितीही दाबा, गाडी धरत नाही. जळका वास आला की रुंद जागा बघून गिअरमध्ये गाडी ठेवून थांबा, चाकांना ठोकळे लावा, अर्धा तास बसा. वर पाणी ओतू नका, तापलेलं लोखंड तडकतं. न्यूट्रलचा तर विचारही नको.

मुलांच्या पोटाचं: निघताना कोल्हापुरात मिसळ खाऊन निघू नका. थोरलीने खाल्ली आणि घाट संपायच्या आत सगळी बाहेर आली. कोरडं भडंग, लिंबू, पिशव्या हाताशी.

कुणकेश्वरला पोचलो तेव्हा माझ्यात बोलायची ताकद नव्हती, आणि तिथे दुसरा धक्का बसला. राहायच्या जागेचं फोनवर एका रात्रीचे किती पैसे ते ठरलं होतं, "ट्रेलर लावा की अंगणात" असं सांगितलेलं. दारात गेल्यावर गाडीचे वेगळे, ट्रेलर म्हणजे दुसरी गाडी म्हणून त्याचे वेगळे, लाईटच्या जोडणीचे वेगळे. ठरल्याच्या जवळजवळ दुप्पट झाले. अंधार पडत आलेला, मुलं पेंगलेली, आणि गल्ली अशी की दोन्ही बाजूंना गडगे, वळवायला जागा नाही. म्हणून मुकाट्याने दिले. अडलेल्या माणसाकडून असे पैसे घेणं ही लूट आहे, दुसरा शब्द माझ्याकडे नाही. तुम्ही बुकिंग करताना व्हॉट्सअ‍ॅपवर ट्रेलरचा फोटो आणि लांबी पाठवा, फाटकाची रुंदी विचारा, ट्रेलर वळवायला आत जागा आहे का विचारा, आणि एकूण किती ते लिहून घ्या. "या, बघू" असं उत्तर आलं तर दुसरी जागा शोधा. दिवसाउजेडी पोचा. आणि गल्लीत शिरायच्या आधी एकाने चालत जाऊन बघून यावं.

तिथले दिवस चांगले गेले. देऊळ, समुद्र, बांगडे, मुलं वाळूतून उठायला तयार नव्हती. ट्रेलर सगळा वेळ जागेवर उभा होता, बोलेरो मोकळी फिरली.

परत येताना फोंडा घाट. देवगडहून जामसंडे, शिरगाव, नांदगावला महामार्ग ओलांडून फोंडा, मग वर दाजीपूर, राधानगरी. हा देवगड-निपाणी रस्ता. आमचा हॉटेलवरचा शेजारी म्हणाला लांब पडेल, पडू दे. नांदगावच्या पुढे टपरीवर थांबलेल्या एका ट्रकवाल्याला विचारलं, तो म्हणाला, "फोंड्याने आमचे ट्रक जातात, तुमचं काय." हे उत्तर मला पटलं, कारण ते लांब गाडी चालवणाऱ्याचं होतं. रस्ता रुंद वाटला, वळणं येतात पण समोरची गाडी दिसून थांबायला जागा मिळते. दुसऱ्या गिअरमध्ये बोलेरो कुरकुर न करता चढत राहिली. तापमानाचा काटा मधोमध. एका वळणावर वरून ट्रक आला, मी बाहेरून वळण घेतलं, आरशात ट्रेलरचं चाक पांढऱ्या पट्टीच्या आत राहिलेलं बघितलं आणि नवऱ्याला काही सांगायची गरजच पडली नाही. वर पोचल्यावर मी गाडी थांबवून खाली उतरले आणि मोठ्याने ओरडले. मुलंही ओरडली. त्या क्षणी कोणी विचारलं असतं तर अख्खा कोकण किनारा ट्रेलर घेऊन जायला मी तयार होते. अजूनही म्हणते, ज्या बाईला गाडी चालवता येते तिला फोंड्याने ट्रेलर चढवता येतो. जाताना आणि येताना दोन्ही वेळा फोंडाच धरा. करूळ आम्ही केला नाही, त्यामुळे त्याबद्दल बोलत नाही.

वर थांबलात की ट्रेलरच्या दोन्ही चाकांच्या हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, हाताचा मागचा भाग लावून बघा. कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर बेअरिंगचं काम आहे, तसंच पुढे ओढू नका. हुक सुटला तरी ट्रेलर धरून ठेवणाऱ्या साखळ्या हुकाखाली फुलीसारख्या एकमेकींवरून घातलेल्या आहेत ना, मागचे दिवे पेटतात ना, तेही तिथेच तपासा.

कारण पुढे दाजीपूरचं जंगल आहे. १९५८ पासूनचं गव्यांचं अभयारण्य, आणि संध्याकाळी गवे रस्त्यावर येतात. रिकाम्या गाडीने एकदम ब्रेक मारणं वेगळं, मागून सहाशे किलो ढकलत असताना वेगळं. फोंड्यातून दुपारी तीनच्या आत निघा, म्हणजे राधानगरी उजेडात मागे पडते. तिथून परिते, हळदीपर्यंत पुन्हा उसाच्या ट्रॉल्या लागतात, बऱ्याच जणांना मागे ना दिवा ना लाल पट्टी. अंधार झालाच तर चाळीसच्या वर जाऊ नका, आणि कोणी मागून हॉर्न वाजवत बसला तर जागा मिळाल्यावर बाजूला होऊन त्याला जाऊ द्या.