फ्लोटमध्ये उपळसरी बसली, कोकमाचंही जमलं

या उन्हाळ्यात दोन फ्लोट (सरबत-सोड्यावर आइस्क्रीमचा गोळा सोडलेली पेयं) पक्के करायचे होते: एक रूट बिअरच्या वळणाचा आणि एक कोकमाचा. दोन्ही आता मनासारखे होतात, म्हणून प्रमाणांसकट लिहून ठेवते.

आधी रूट बिअर, म्हणजे मुळ्यांच्या वासाचं गोड, बिनदारूचं पेय. अमेरिकेत व्हॅनिला आइस्क्रीमचा गोळा खरा शोभतो तो यात. तिथे पूर्वी हे पेय सॅसफ्रास नावाच्या झाडाच्या मुळ्या, सार्सापरिला नावाची वेल वगैरे घालून करत. सॅसफ्रासमधल्या सॅफ्रोल या द्रव्यावर तिथे १९६० मध्ये बंदी आली, पण मुळ्यांचा तो गोडसर, मातकट वास लोकांना हवाच होता आणि तो त्यांनी इतर अर्कांतून टिकवला. आपल्याकडे त्या वासाची जवळची नातलग म्हणजे उपळसरी, अर्थात अनंतमूळ. दक्षिणेत तिचंच नन्नारी सरबत होतं. तिच्या मुळांना ज्या द्रव्यामुळे वास येतो, ते व्हॅनिलामधल्या व्हॅनिलिनचं समघटक आहे: अणू तेच, मांडणी वेगळी. व्हॅनिला आइस्क्रीम तिच्यावर इतकं का खुलतं, ते हे वाचल्यावर मला कळलं आणि फार आनंद झाला.

काष्ठौषधींच्या दुकानातून ५० ग्रॅम मुळ्या आणा. धुऊन खलबत्त्यात ठेचल्या की आतला लाकडी दांडा सुटतो. तो टाकून द्यायचा, वास सालीत असतो. साल ६०० मिली उकळत्या पाण्यात टाकून रात्रभर झाकून ठेवायची, सकाळी मंद आचेवर पाणी निम्मं करायचं. गाळून जेवढं भरेल तेवढ्याच वजनाची साखर त्यात विरघळवायची. लिंबू अजिबात नको. तयार नन्नारीच्या बाटलीत बऱ्याचदा सायट्रिक आम्ल असतं, तेव्हा लेबल वाचून घ्या.

लिंबाला एवढा विरोध का, तर दुधातलं केसिन नावाचं प्रथिन ४.६ सामूच्या (pH, जितका कमी तितकं आंबट) आसपास गोळा होतं. कोलाचा सामू २.५ च्या जवळपास, म्हणून कोला फ्लोट थोडा वेळ ठेवला की ग्लासच्या काचेला बारीक पांढरे कण चिकटलेले दिसतात. रूट बिअर त्या मानाने सौम्य, सामू साधारण ४ च्या वर, त्यामुळे ती बराच वेळ मऊ राहते. फ्लोट करताना चवीच्या आधी आंबटपणा बघायचा, हे माझं आता ठाम मत आहे.

आता सोडा. पाण्यात वायू थंडीत जास्त मुरतो. ४ अंशांच्या पाण्यात ३० अंशांच्या पाण्यापेक्षा दुपटीहून जास्त. म्हणून सोड्याच्या मशीनची बाटली रात्रभर फ्रिजमध्ये ठेवते आणि नुसत्या पाण्यातच वायू भरते, सरबत नंतर. ग्लास थंड आणि आतून ओला हवा, कोरड्या काचेवर बुडबुडे लवकर सुटतात.

सोडा फाउंटनवाल्यांची, म्हणजे अमेरिकेतल्या जुन्या सोडा-दुकानदारांची रीत मला सगळ्यात पटली. तळाला ४० मिली सरबत, त्यात चमचाभर आइस्क्रीम ढवळायचं, वर २०० मिली सोडा काचेच्या कडेने सोडायचा आणि मग गोळा. गोळा आदल्या रात्रीच काढून फ्रीझरमध्ये कडक करून ठेवा. कडक गोळ्याला सोडा लागला की त्यावर बर्फाची पातळ, कुरकुरीत पापडी धरते. चमच्याने ती फोडली की आत घट्ट आइस्क्रीम. फ्लोटमधला माझा सगळ्यात आवडता घास हाच!

आइस्क्रीम घेताना डब्यावर ‘फ्रोझन डेझर्ट’ लिहिलंय का ते बघा. त्यात वनस्पती तेल असतं. नियमाप्रमाणे आइस्क्रीममध्ये किमान १० टक्के दुधाची स्निग्धता हवी आणि लिटरचं वजन किमान ५२५ ग्रॅम. मी मिलीच्या आकड्याशेजारी ग्रॅमचा आकडा बघते आणि जड डबा उचलते. डबा हलका म्हणजे आइस्क्रीममध्ये हवा जास्त, आणि तसा गोळा भसाभस फेसाळतो आणि पापडी धरतच नाही.

कोकमाला मात्र वरची एकही युक्ती लागू पडत नव्हती. आमसुलाच्या आंबटपणापुढे दूध टिकणार कसं? उत्तर सोलकढीत होतं: नारळाचं दूध. ४०० मिली घट्ट, पहिलं दूध, ९० ग्रॅम साखर, चिमूट मीठ, एक टेबलस्पून कॉर्नफ्लोअर. थोड्या दुधात कॉर्नफ्लोअर कालवून, सगळं मंद आचेवर दाट होईपर्यंत ढवळायचं, गार करून गोठवायचं. आइस्क्रीमचं मशीन नसेल तर अर्धं गोठल्यावर मिक्सरमधून काढून परत गोठवा.

तळाला ३५ मिली अमृत कोकम, वर सोडा, वर हा पांढरा गोळा. गोळा वितळतो तशी लाल सोड्यात गुलाबी रेघ उतरत जाते आणि कण धरत नाही. पाकात किंचित जिरेपूड घालते. घरात काहींना ती नको असते, पण माझ्या मते तिच्याशिवाय कोकम अळणी लागतं. नारळाचा गोळा दुधाच्या आइस्क्रीमपेक्षा लवकर सैल होतो, तेव्हा ग्लास पाहुण्यांच्या हातात देतानाच गोळा सोडा.

पुढे आल्याच्या पाकावर काम करायचंय. आल्यात आंबटपणा नाही, म्हणजे दुधाचं आइस्क्रीम चालायला हवं. कुणी ताज्या आल्याचा रस न उकळता वापरला असेल तर दूध कसं वागलं ते सांगा. कच्च्या आल्याच्या रसाने गरम दूध विरजतं, थंडगार गोळ्यावर तेवढा वेळ मिळतो का, हे मला बघायचंय.