कोठीच्या खोलीची नोंद : वैशाख ते श्रावण

रत्नागिरी जिल्ह्यात आमचे जांभ्या चिऱ्याचे जुने घर आहे आणि त्याच्या स्वयंपाकघराला लागून सहा फूट रुंद व आठ फूट लांब अशी कोठीची खोली आहे. जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो तिथे या खोलीचे सगळे काम मृगाच्या आत उरकावे लागते, कारण एकदा पावसाची झड लागली की वाळवायला ऊन मिळत नाही आणि उघडलेले पिंप पुन्हा कोरडे करता येत नाही. यंदा खोली लावताना मी एकच कसोटी धरली, ती म्हणजे त्या जिन्नसाला नेमके काय बिघडवते. ओल, कीड, खवटपणा आणि वास ही बिघाडाची चार कारणे असून, प्रत्येक डब्याची जागा, त्याचे झाकण आणि तो उघडण्याची वेळ या कारणांवरून ठरवली, तर खोली आपोआप सुसंगत लागते असा माझा अनुभव आहे. साठवणीची आवड असणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून कामाची नोंद सविस्तर देत आहे.

वैशाख : खोली रिकामी करणे

पहिले काम म्हणजे सगळे सामान एकाच वेळी बाहेर काढणे. अर्धे सामान आत ठेवून केलेली सफाई किडीच्या दृष्टीने निरुपयोगी ठरते, कारण ती न हलवलेल्या डब्यांमागे आणि फळ्यांच्या सांध्यांत दडून राहते. पिठात होणारा तांबडा भुंगेरा अखंड, निरोगी दाणा सहसा फोडू शकत नाही. तो पीठ, कोंडा आणि फुटलेल्या दाण्यांवर जगतो. त्यामुळे फडताळाच्या खाचेत वर्षभर साचलेले चिमूटभर पीठ हेच त्याचे घर असते. मी छतापासून खाली या क्रमाने झाडलोट केली, प्रत्येक सांधा जुन्या दात घासण्याच्या ब्रशने कोरला, निघालेला कचरा लगेच चुलीत जाळला आणि फटी लांबी भरून बुजवल्या. लाकडी फळ्यांवर पाणी ओतले नाही. साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्याने त्या पुसल्या आणि खळ्यात कडक उन्हात ठेवल्या. भिंतींना चुन्याची सफेदी दिली. सर्वाधिक लक्ष पश्चिमेच्या भिंतीकडे द्यावे लागले, कारण नैऋत्येकडून येणारा पाऊस तिच्यावर आपटतो आणि जांभा सच्छिद्र असल्याने पाणी शोषून घेतो. तिच्या बाहेरच्या बाजूस नारळाच्या विणलेल्या झापांचा आडोसा बांधला असून, आतील मांडणी भिंतीपासून वीतभर पुढे ओढली आहे. जमिनीवर काहीही टेकवलेले नाही. पिंपे आणि कोठ्या लाकडी घडवंचीवर आहेत.

डबे धुण्यात एक बारकावा महत्त्वाचा आहे. झाकणाच्या आट्यांमध्ये आणि डब्याच्या दुमडलेल्या काठात पीठ अडकते, आणि डबा पालथा घालून वाळवला तरी त्या दुमडीत पाणी राहते. म्हणून धुतलेले डबे मी आधी पालथे, नंतर उताणे अशा दोन्ही बाजूंनी उन्हात तापवले आणि पूर्ण गार झाल्यावरच भरले. गरम डब्यात धान्य भरून झाकण लावले, तर रात्री आतल्या बाजूस दव धरते.

ज्येष्ठाच्या सुरुवातीस : कीड आणि तिचे वेळापत्रक

या खोलीचा खरा अभ्यास म्हणजे किडींचा अभ्यास. आमच्याकडे तांदळाला टोके, म्हणजे सोंडकिडे, झाले की सूप घेऊन पाखडायला बसण्याची रीत आहे, पण पाखडल्याने फक्त बाहेर आलेले किडे जातात. सोंडकिड्याची मादी सोंडेने दाण्याला छिद्र पाडते, त्यात एक अंडे घालते आणि वरून चिकट स्रावाने छिद्र बंद करते. अळी आणि कोष या दोन्ही अवस्था दाण्याच्या आतच पार पडतात, आणि आपल्या उबदार, दमट हवेत साधारण महिन्याभरात नवा किडा दाणा पोखरून बाहेर येतो. म्हणूनच आज स्वच्छ दिसणारा तांदूळ पुढच्या महिन्यात पुन्हा किडलेला आढळतो, आणि त्यात डब्याचा काही दोष नसतो.

यावर आमच्या घरातला जुना उपाय मला आजही सर्वोत्तम वाटतो, तो म्हणजे तांदूळ न साठवता भात साठवणे. टरफलाचे कवच असलेल्या भाताला सोंडकिडा सहजासहजी लागत नाही, त्यामुळे वर्षाचे भात कणगीत राहते आणि गिरणीवरून दोन-तीन महिन्यांपुरतेच भरडून आणले जाते. लाल, कमी सडलेल्या तांदळाच्या बाबतीत हे अधिकच लागू पडते, कारण त्याच्या कोंड्यातील तेल खवट होते. भरडलेला तांदूळ मी कडक उन्हात घालत नाही. तो झपाट्याने सुकला की दाण्याला तडे जातात आणि शिजताना किंवा हाताळताना त्याची कणी होते. लहान प्रमाणातील सुवासिक तांदूळ मी फ्रीजरमध्ये उणे 18 अंशांवर आठवडाभर ठेवते, म्हणजे आतली अंडी आणि अळ्याही मरतात. पिशवी बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही, अन्यथा थंड दाण्यांवर हवेतील बाष्प जमते आणि कीड गेली तरी बुरशीला वाट मिळते.

कडधान्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांचा भुंगेरा दाण्याला छिद्र न पाडता वरच अंडे चिकटवतो. मूग, चवळी किंवा तुरीच्या दाण्यावर दिसणारे पांढरे ठिपके म्हणजे तीच अंडी असतात. पुष्कळदा ती शेतात, पक्व शेंगांवर असतानाच घातली जातात, म्हणजे कीड आपल्या घरी धान्याबरोबरच येते. अंडे दाण्याच्या पृष्ठभागावर असल्यामुळेच तेल लावण्याची आपली पद्धत परिणामकारक ठरते. किलोला सुमारे 5 मिलिलिटर एरंडेल पुरते, मात्र ते प्रत्येक दाण्याला लागेपर्यंत हाताने चोळावे लागते, कारण तेलाच्या थराखाली अंड्याला हवा मिळत नाही. सोललेल्या, फोडलेल्या डाळीला हा भुंगेरा अख्ख्या कडधान्यापेक्षा कमी लागतो, म्हणून तुरीचा साठा मी डाळीच्या रूपात ठेवते आणि मूग, मटकी, चवळी मोडापुरतीच अख्खी घेते. कुळीथ आणि कडवे वाल यांना सासूबाईंच्या पद्धतीने चाळलेली, पूर्ण गार झालेली लाकडाची राख लावली आहे. राख दाण्यांमधल्या पोकळ्या भरते, त्यामुळे किड्यांना हालचाल करता येत नाही, आणि तिच्या बारीक कणांनी त्यांच्या अंगावरचा मेणासारखा थर खरवडला जाऊन ते कोरडे पडून मरतात. सासूबाईंना हे कारण कुणी सांगितले नव्हते, पण राख किती बारीक चाळायची याचा त्यांचा आग्रह मात्र अचूक होता.

गव्हाला मात्र भरपूर ऊन दिले. काळ्या ताडपत्रीवर दोन बोटे जाडीचा थर पसरून दुपारी तो वारंवार उलथवला आणि सायंकाळी गार होऊ देऊनच पिंपात भरला. धान्य पुरेसे वाळले की नाही हे पाहण्यासाठी मी मिठाची परीक्षा वापरते. पूर्ण कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर धान्य आणि चमचाभर वाळवलेले बारीक मीठ घालून काही मिनिटे हलवायचे आणि थोडा वेळ तसेच ठेवायचे. मीठ काचेला चिकटले तर धान्यात साधारण 15 टक्क्यांहून अधिक ओल आहे असे समजावे. मीठ न चिकटणे हा पहिला टप्पा आहे, कारण दीर्घ साठवणीसाठी तृणधान्यातील ओल 12 टक्क्यांच्या आत असावी लागते, आणि तिथवर पोहोचलेला दाणा दाताखाली स्पष्ट कट् आवाज करून फुटतो.

नाचणीबद्दल लिहिण्यासारखे फारच थोडे आहे, आणि हीच तिची थोरवी. इतक्या बारीक दाण्याला साठवणीतील कीड क्वचितच लागते आणि ती कोरडी ठेवल्यास वर्षानुवर्षे टिकते.

एका गोष्टीबद्दल मात्र स्पष्टपणे लिहिले पाहिजे. धान्यात ठेवण्यासाठी अनेक घरांत बोरिक पावडर, पाऱ्याच्या गोळ्या किंवा गोदामात वापरतात त्या फॉस्फाइडच्या गोळ्या वापरल्या जातात. बोरिक पावडर आणि पारा अन्नात जाण्याच्या लायकीचे नाहीत. फॉस्फाइडच्या गोळीतून हवेतील ओलाव्याने जो वायू सुटतो, तो बंद घरात झोपलेल्या माणसांचाही जीव घेतो. ऊन, तेल, राख, थंडी आणि घट्ट झाकण एवढी साधने हाताशी असताना घरगुती कोठीत या तिन्हींना जागा असू नये, असे माझे ठाम मत आहे.

मृगाच्या तोंडावर : मांडणी

सर्वांत खालच्या, सर्वांत थंड फळीवर तेलाचे अंश असलेले जिन्नस ठेवले आहेत, म्हणजे शेंगदाणे, तीळ, कारळे आणि सुके खोबरे. उष्णता, उजेड आणि हवा या तिन्हींमुळे त्यांतील तेल खवट होते, त्यामुळे ते अपारदर्शक डब्यांत काठोकाठ भरले असून, वापरासाठी लहान डबा वेगळा काढला आहे. बुरशी आलेला किंवा सुरकुतलेला, काळपट शेंगदाणा मी निवडून वापरत नाही, तो पूर्ण टाकते. शेंगदाण्यावरील काही बुरश्या अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक असणारे विष तयार करतात आणि ते भाजून नाहीसे होत नाही. बाजरीचे पीठ साठवणीच्या यादीतूनच काढले आहे; दळल्यावर काही दिवसांतच ते कडवट होते, म्हणून बाजरी आणावी आणि आठवड्यापुरती दळावी.

मधल्या फळीवर आंबट आणि खारट जिन्नस आहेत. आमसुले, मीठ लावून गोळे केलेली चिंच, आगळ, खडेमीठ आणि लोणची यांना धातूचा डबा चालत नाही, कारण आम्ल आणि मीठ मिळून पत्रा खातात आणि पदार्थाला कळकट चव येते. म्हणून ही फळी सगळी चिनीमातीच्या बरण्यांची आणि काचेची आहे. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ बाष्प ओढून स्वतःच विरघळू लागते. आमच्या पावसाळ्यात हवा बहुतेक वेळ या मर्यादेच्या वरच असते, त्यामुळे मीठ आणि गूळ वाडग्यात उघडे ठेवले तर पाणी सुटणारच. गुळाची ढेप फोडून तिचे लहान खडे रुंद तोंडाच्या दोन बरण्यांत भरले आहेत, म्हणजे एक वापरात असताना दुसरी उघडावी लागत नाही.

वरच्या फळीवर मिरचीपूड, हळद, मसाले आणि वाळवणे आहेत. बेडगीच्या तिखटाचा लाल रंग उजेडाने फिका पडतो, म्हणून त्याच्या काचेच्या बरणीला कापडी आवरण शिवले आहे आणि आत रीतीप्रमाणे हिंगाचे खडे घातले आहेत. कुरडया, पोह्याचे पापड, फणसाची साठे आणि आंबापोळी यांच्या डब्यांत सिलिका जेलच्या छिद्रयुक्त पुड्या ठेवल्या आहेत. त्या निवडताना निळ्या रंगाचे दाणे टाळावेत, कारण तो रंग कोबाल्ट क्लोराइडचा असतो आणि ते आरोग्याला अपायकारक आहे.

सोडे, जवळा आणि सुके बोंबील या खोलीत मुळीच नाहीत. त्यांची पिंपे पडवीत, घट्ट झाकणाची आणि वेगळी ठेवली आहेत.

प्रत्येक डब्यावर जिन्नस आणि भरल्याचा महिना लिहिलेली चिठ्ठी आहे. जुन्या धान्यावर नवे ओतायचे नाही हा नियम काटेकोरपणे पाळला आहे. तळाशी राहिलेल्या दोन ओंजळी वेगळ्या काढून आधी संपवायच्या, डबा उन्हात तापवायचा आणि मगच नवे भरायचे.

आषाढ : पावसातली नोंद

खोलीत आर्द्रतामापक टांगला आहे. दार बंद असताना आतील आकडा बाहेरच्यापेक्षा कमी राहतो, पण पावसात दार उघडे राहिले की तो पटकन चढतो आणि उतरायला पुष्कळ वेळ घेतो. म्हणून स्वयंपाकघराची फोडणी, भाताची वाफ आणि ओले कपडे यांपैकी काहीही चालू असताना कोठीचे दार उघडायचे नाही, असे घरातील सर्वांनी मान्य केले आहे. दिवसाचे धान्य आणि डाळ दुपारी, पाऊस उघडला असताना एकदाच काढली जाते. वाळवणांच्या फडताळात साधा तंतूचा लहान दिवा लावून ठेवण्याचा प्रयोग चांगला यशस्वी झाला आहे. दिव्याच्या उष्णतेने आतील हवा किंचित तापते, आणि तापलेल्या हवेची सापेक्ष आर्द्रता उतरते, त्यामुळे कुरडया आजही हातात घेतल्यावर खळखळतात. दिवा फळीपासून आणि कागदापासून दूर, तारेच्या जाळीत बसवलेला असणे आवश्यक आहे.

श्रावण : तपासणी आणि उरलेले काम

पिंपांची तपासणी करताना मी कोपरापर्यंत हात आत घालते. धान्यात कीड वाढू लागली की तिच्या हालचालीने आणि श्वसनाने तेथील धान्य उबदार लागते, आणि ही ऊब किडे वर दिसण्याआधी हाताला कळते. गव्हाची पिंपे थंड आहेत. तूरडाळ स्वच्छ आहे. राख लावलेल्या वालांत एकही छिद्र पडलेला दाणा मिळाला नाही. एरंडेल लावलेल्या चवळीत थोड्या दाण्यांवर पांढरे ठिपके दिसले, पण ती अंडी रिकामी, सुकलेली होती आणि दाणे अखंड होते. ज्या मटकीला तेल न लावता केवळ ऊन दिले होते, तिच्यात भुंगेरे आढळले, तेव्हा ती लगेच वेगळी काढून फ्रीजरमध्ये ठेवली आहे. पुढच्या वर्षी मटकीलाही तेल लावले जाईल.

पश्चिमेच्या भिंतीवर सफेदीखाली हाताएवढी ओलीची खूण उमटली आहे, तेव्हा पावसाळा संपल्यावर बाहेरून चिऱ्यांचे सांधे पुन्हा भरावे लागतील. दाराला बारीक जाळीचा दुसरा पडदा बसवणे बाकी आहे, कारण धान्यात जाळी धरणारे पतंग संध्याकाळी उजेडाच्या ओढीने आत येतात. कणगीतील जुने भात दिवाळीच्या आत भरडून संपवायचे आहे, म्हणजे नवे भात येण्याआधी कणगी शेणाने सारवून, कार्तिकाच्या उन्हात पूर्ण वाळवून घेता येईल.