जुन्या लॅपटॉपचं टचपॅड, नोंद 4: दुधी भोपळा अखेर गोल झाला

शाहूपुरीतून घेतलेल्या सेकंडहँड लॅपटॉपवर लिनक्स झकास चालतंय, पण टचपॅडवर बोटानं गोल काढला की पडद्यावर उभा दुधी भोपळा उमटायचा. पॉइंटर आडवा नीट जायचा, वर-खाली मात्र उधळायचा.

रविवारी पाऊस लागून राहिलेला, म्हणून बसलोच. ईव्हीटेस्ट (टचपॅडचे कच्चे आकडे दाखवणारं साधन) चालवलं. वाय (उभा) अक्ष 0 ते 1620, रिझोल्यूशन (दर मिलिमीटरला किती एककं) 12. म्हणजे कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) मते माझं टचपॅड 135 मिलिमीटर उंच! पोरीच्या कंपासपेटीतली स्टीलची पट्टी लावली, तर भरलं 54. 1620 भागिले 54, म्हणजे 30. एक्सचा (आडव्या अक्षाचा) आकडा आधीपासूनच 30 होता.

आता हा 30 लिहायचा कुठं? कर्नलमध्ये घालायचा तर एका आकड्यासाठी नव्या कर्नलची वाट बघा. लिबइनपुटनं (टचपॅड-माउसच्या हालचालींचा अर्थ लावणारी लायब्ररी) 2018 मध्ये, 1.12 आवृत्तीत, आपल्या खास खोडी (ठरावीक यंत्रांपुरत्या आपल्याच तडजोडी) एचडब्ल्यूडीबीतून (हार्डवेअरच्या माहितीच्या साठ्यातून) काढून स्वतःच्या क्वर्क्स फायलींत नेल्या, आणि मला ते पटतं. पण मिलिमीटर ही काही लिबइनपुटची खोड नव्हे. ते हार्डवेअरचं माप आहे, कुठलाही प्रोग्रॅम वाचू दे, तेच राहणार. म्हणून ते यूडेव्हच्या (लिनक्समध्ये उपकरणं सांभाळणाऱ्या भागाच्या) एचडब्ल्यूडीबीतच. टचपॅडचं नाव ढीगभर लॅपटॉपांत सारखंच असतं, त्यामुळं जुळणीच्या ओळीत (दुरुस्ती कुठल्या यंत्राला लावायची ते सांगणाऱ्या) डीएमआयमधलं, म्हणजे लॅपटॉप स्वतःची ओळख सांगतो त्या माहितीतलं, मॉडेलही घातलं.

ईटीसीतल्या (सेटिंग्जच्या) फोल्डरात फाईल केली, ती लागू करायला सिस्टमडी-एचडब्ल्यूडीबी अपडेट आणि यूडेव्हॲडम ट्रिगर या आज्ञा दिल्या. फरक शून्य. तासभर डोकं खाजवलं. आधी दिसलं की गुणधर्माच्या ओळीआधी एक स्पेस लागते, ती राहिली होती. ती घातली, तरी भोपळा भोपळाच! मग ट्यूब पेटली: मी फक्त 01 अक्ष, म्हणजे साधा वाय, दुरुस्त केलेला. मल्टिटचचा (अनेक बोटं ओळखण्याचा) वाय हेक्समध्ये (सोळाच्या पायाच्या अंकांत) 36, आणि लिबइनपुट मल्टिटच पॅडवर तोच वाचतं. दोन्ही ओळींत ::30 टाकलं (किमान-कमाल रिकामं सोडलं की जुनंच राहतं), लॉगआउट करून परत आलो आणि गोल काढला. नाद खुळा, भावांनो, गोल आला!

आता ही एचडब्ल्यूडीबीतली नोंद सिस्टमडीकडं (यूडेव्ह ज्याचा भाग आहे त्या प्रकल्पाकडं) पाठवतोय, म्हणजे याच मॉडेलवाल्या दुसऱ्या कुणाला पट्टी शोधावी लागणार नाही.

टाइप करताना तळहात टेकला की पॉइंटर पळतो, ते अजून बाकी आहे. तो दाबाचा आकडा मात्र क्वर्क्स फायलीत जाईल, कारण किती दाबाला तळहात म्हणायचं हे लिबइनपुटनंच ठरवायचं.