शहादा ते धडगाव, कार्डांचा डबा घेऊन: आमची वाटचाल

२००७ ला डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करून नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्यात एका गाळ्यात लॅब टाकली तेव्हा माझ्याकडे एक सेकंडहँड सेमी ऑटो अ‍ॅनालायझर, एक सेंट्रीफ्यूज, एक मायक्रोस्कोप आणि पतसंस्थेचं कर्ज एवढंच होतं. वर डोंगरातल्या धडगाव-मोलगीकडचे पेशंट डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन जीपला लटकत घाट उतरून यायचे, रक्त द्यायचे, आणि रिपोर्ट उद्या मिळेल म्हटलं की गप्प व्हायचे, कारण उद्या परत यायचं म्हणजे अजून एक मजुरी बुडाली आणि भाडं वेगळं. कितीतरी रिपोर्ट माझ्या ड्रॉवरमध्येच पडून राहायचे, न्यायला कोणी यायचंच नाही. त्या ड्रॉवरकडे बघूनच मी रॅपिड कार्डांच्या, म्हणजे थेंब टाकला की रेघ उमटून जागेवरच निकाल सांगणाऱ्या पट्ट्यांच्या, धंद्यात उतरलो. पेशंट लॅबपाशी येत नाही ना, मग टेस्ट पेशंटपाशी न्यायची, इतकं सोपं वाटलं होतं.

सुरुवातीला मी टीबीची रक्तावरची कार्डं विकली, चांगली दणकून विकली, मार्जिन होतं आणि डॉक्टर स्वतः मागायचे. त्यात अँटिबॉडी दिसायची, म्हणजे जंतूंशी लढायला शरीरानं केलेली प्रथिनं, आणि अँटिबॉडी जुन्या संसर्गाचीही असू शकते, म्हणजे टीबी नसलेल्याला सहा महिने गोळ्या आणि असलेल्याला "काही नाही, जा घरी", दोन्ही प्रकार. डब्ल्यूएचओनं (जागतिक आरोग्य संघटनेनं) २०११ मध्ये ही वापरू नका म्हणून सांगितलं आणि २०१२ च्या जूनमध्ये आपल्या सरकारनं बंदीच घातली. माझ्याकडची उरलेली दोन खोकी फेकली, त्याचं काही नाही, पण आधीची कुठे कुठे गेली होती ते मला पाठ होतं. ते अजून टोचतं.

मग उन्हानं धडा दिला. मे महिना, ओम्नीच्या मागच्या बाजूला मलेरियाची कार्डं, डब्यावर स्पष्ट छापलेलं ३० अंशांच्या आत ठेवा, आणि बाहेर पारा चाळिशीच्या वर. दोन ठिकाणी माल टाकायचा होता, वाटेत जेवायला थांबलो, झालं. चार दिवसांनी फोन, भाऊ कंट्रोलची रेघच (कार्ड चालतंय हे दाखवणारी) येत नाहीये. ती रेघ आली नाही तर कार्ड बाद, निदान कळतं तरी, पण खरी भीती वेगळी आहे, अर्धवट भाजलेल्या कार्डावर कंट्रोल येतो आणि मलेरियाची रेघ मात्र असून दिसत नाही. सगळा लॉट परत आणला, कंपनीनं हात वर केले (चूक माझीच होती म्हणा). तेव्हापासून आइस बॉक्स, आत तापमान नोंदवत राहणारा टेम्परेचर लॉगर आणि उन्हाळ्यात डिलिव्हरी पहाटे पाचला. बायको अजून म्हणते, दूधवाला झालात तुम्ही.

आणि माणसं. हा भाग कुठल्याच माहितीपत्रकात नसतो. एकदा कॅम्पमध्ये पपईच्या तोडणीवरून आलेला एक गडी, शुगर ३०० च्या वर, तो घाबरला, सिस्टर घाबरली, मी म्हटलं आधी साबणानं हात धुवा, पुसून कोरडे करा आणि दुसरं बोट द्या. १२० च्या आसपास आली. ग्लुकोमीटरनं पपईच मोजली होती! हिमोग्लोबिनचंही तसंच, थेंब येत नाही म्हणून बोट पिळलं की रक्तात पाणी मिसळतं आणि आकडा खाली येतो. आशाताईंचा ठरलेला प्रश्न, "भाऊ, रेघ फिकट आलीय, धरू का सोडू?" मी सांगतो, ताई, फिकट असली तरी रेघच, पण घड्याळ लावलं होतं का? कारण कार्ड वाळल्यावर तासाभरानं उमटलेली रेघ धरायची नसते.

कोविडबद्दल फार लिहीत नाही. कार्ड काय असतं ते लोकांना कळलं, २०२१ मध्ये पुण्याच्या मायलॅबचं घरी करायचं किट आलं आणि नाकात काडी घालायला कोणी घाबरेनासं झालं. त्याआधी माझा निम्मा वेळ समजावण्यातच जायचा.

मला जास्त कौतुक ट्रूनॅट या टीबी तपासायच्या मशीनचं आहे. गोव्याच्या मोलबायोचं हे मशीन बॅटरीवर चालतं, एसी खोली लागत नाही, थुंकीतून टीबी आहे का ते तासाभरात सांगतं आणि रिफॅम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडणार का ते पुढच्या चिपवर कळतं. २०२० मध्ये डब्ल्यूएचओनंही त्याला मान्यता दिली. ज्या आजारात मी चुकीची कार्डं विकली त्याच आजारात हे आलं, म्हणून असेल कदाचित.

सध्या आमच्याकडे जोर सिकलसेलचा, आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचा, आहे. २०२३ पासून राष्ट्रीय मोहीम आहे, ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची म्हणतात. जुनी सोल्युबिलिटी टेस्ट स्वस्त आहे पण वाहक कोण आणि आजारी कोण ते सांगत नाही, शिवाय तान्ह्या बाळात उपयोगाची नाही कारण त्याच्या रक्तात अजून आईच्या पोटातलंच हिमोग्लोबिन जास्त असतं. नवीन कार्डं ए (नेहमीचं) आणि एस (सिकलचं) हिमोग्लोबिन वेगळं दाखवतात, दहा-वीस मिनिटांत. तरी पॉझिटिव्ह आलं की एचपीएलसीला, म्हणजे मोठ्या लॅबमधल्या खात्रीच्या तपासणीला, पाठवायचंच, हे मी प्रत्येक कॅम्पला ओरडून सांगतो.

आता पुढचं. दर दोन महिन्यांनी एखादा सेल्समन येतो, एका थेंबात शंभर टेस्ट म्हणतो. मी चहा पाजतो आणि थेरानोस आठवतं का विचारतो, थेंबभर रक्तात ढीगभर टेस्ट म्हणणारी अमेरिकेतली कंपनी, तिच्या मालकिणीला २०२२ मध्ये अमेरिकेच्या कोर्टानं गुंतवणूकदारांच्या फसवणुकीत दोषी ठरवलं. मशीनं लहान होत जाणार यात वाद नाही, मोबाइलचा कॅमेरा रेघ वाचेल आणि फिकटचा वाद बराच मिटेल, ते मला हवंच आहे. पण उपकेंद्रात ठेवलेलं मशीन बरोबर मोजतंय का हे कोण बघणार? मोबाइल नाही बघणार. म्हणून तीन वर्षांपासून आम्ही माल विकतो त्याच्याबरोबर महिन्याची फेरीही विकतो, कंट्रोल सोल्यूशन (आकडा आधीच माहीत असलेलं द्रावण) घालून बघायचं, स्ट्रिपच्या डबीचं झाकण बंद असतं का बघायचं, एक्सपायरी बघायची, वहीत सही. आधी लोक हसले, याचे कसले पैसे. आज आमची निम्मी कमाई फेरीची आहे.

मोलगीच्या एका पोराला या कामावर घेतलंय, तिकडची पावरी बोली बोलतो, बाइकवर घाट चढतो, माझ्यापेक्षा बोट चांगलं टोचतो. त्याला दुसरा आइस बॉक्स घ्यायचाय, पण एका ऑफिसकडून मागच्या वर्षीचं बिल यायचंय, ते आलं की घेऊ.