डेक्कन कॉलेज १८२१चं, की १९३९चं?

डेक्कन कॉलेजच्या स्थापनेचं साल विचारा: १८२१, १८५१, १८६४, १९३९ अशी चार उत्तरं मिळतात आणि चारही बरोबर असतात. पुण्याच्या शिक्षणाबद्दल लिहिणारे इथेच घसरतात. १८२१ची पाठशाळा, टिळक-आगरकरांचं कॉलेज आणि पुरातत्त्वज्ञ सांकलियांची संशोधनसंस्था एका माळेत ओवली, की मधले सांधे दिसेनासे होतात. आणि खरी गंमत तर त्या सांध्यांतच आहे.

पहिला सांधा दक्षिणेचा. पेशवे दरवर्षी श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. १८१८ला राज्य गेलं, पण हा रमणा, म्हणजे दक्षिणावाटप, एकदम बंद केला तर पुणं बिथरेल, हे इंग्रज प्रशासक माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनला कळत होतं. म्हणून त्यातला काही पैसा शिक्षणाकडे वळवला आणि ६ ऑक्टोबर १८२१ला विश्रामबाग वाड्यात हिंदू कॉलेज सुरू केलं. नाव कॉलेज, पण प्रकार पाठशाळेचा: व्याकरण, न्याय, वेदान्त, धर्मशास्त्र, ज्योतिष, वैद्यक. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशातले जोडीदार मेजर थॉमस कँडी १८३७पासून तिथे देखरेखीला होते. १८५१ला ही पाठशाळा आणि सरकारी इंग्रजी शाळा एकत्र करून पूना कॉलेज झालं. १८५७ला मुंबई विद्यापीठ आलं आणि पदवीची वाट खुली झाली.

१८६४ला नाव बदलून डेक्कन कॉलेज झालं. सर जमशेटजी जीजीभॉय यांची एक लाखाची देणगी मिळाली, हेन्री विल्किन्सच्या आराखड्यावर येरवड्याला गॉथिक धाटणीची दगडी इमारत उभी राहिली आणि १८६८ला कॉलेज नदीपलीकडे गेलं. जागा देखणी, पण पेठांपासून लांब. पुढे गावालगत फर्ग्युसन (१८८५) निघाल्यावर हे अंतर डेक्कनला महागात पडलं असावं, असं माझं मत.

या काळातलं सर्वांत भक्कम काम संस्कृतचं. आधी जर्मन पंडित कीलहॉर्न, मग रा. गो. भांडारकर शिकवायला होते. ब्यूलर हे दुसरे जर्मन पंडित, कीलहॉर्न आणि भांडारकर यांनी सरकारसाठी गावोगावहून जमवलेली हस्तलिखितं कॉलेजात ठेवली होती. अभ्यासकांची फसगत होते ती इथे. जुन्या ग्रंथांत ‘डेक्कन कॉलेज संग्रह’ म्हणून हस्तलिखिताचा क्रमांक दिलेला असतो आणि माणूस येरवडा गाठतो. तो संग्रह १९१८मध्येच भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराकडे गेला आहे. त्या नोंदी वाचायची रीतही ठरलेली आहे: आधी क्रमांक, मग संग्रहाचं वर्ष. ते वर्ष खरेदीच्या मोहिमेचं असतं, पोथी लिहिल्याचं नव्हे. या दोहोंची गल्लत झाली की पोथीचा काळ काही शतकं पुढे सरकतो.

१९३४ला सरकारने खर्चकपातीत कॉलेज बंद केलं. माजी विद्यार्थी कोर्टात गेले, आणि १७ ऑगस्ट १९३९ला दारं उघडली ती पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून. टिळकांनी १८७७ला गणित घेऊन बी.ए. केलं ते कॉलेज परत आलंच नाही. स्पष्टच सांगायचं तर हा तोटा फायद्याचा ठरला. बी.ए.च्या वर्गांचा आणि परीक्षांचा भार नव्हता, त्यामुळे वर्षानुवर्षं चालणारी कामं हाती घेता आली. इरावती कर्वे समाजशास्त्राला, ह. धी. सांकलिया पुरातत्त्वाला, शेजवलकर मराठ्यांच्या इतिहासाला: पहिलीच तुकडी अशी होती.

सांकलियांची दृष्टी कळायला इनामगाव पाहावं. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या या प्राचीन वस्तीचं उत्खनन १९६८पासून दशकभराहून अधिक काळ चाललं. चौकोनी घरांच्या जमिनीखाली दोन रांजण तोंडाला तोंड लावून पुरलेली लहान मुलं सापडली. मोठ्यांची डोकी उत्तरेला आणि पावलं घोट्याखाली तोडलेली. पण नुसती भांडी मोजून ही वस्ती उलगडली नसती. जळलेलं धान्य, जनावरांची हाडं, माणसांचे सांगाडे हे वेगवेगळ्या जाणकारांनी तपासलं, तेव्हा दिसलं की इ.स.पू. १०००च्या सुमारास पाऊसमान बिघडलं, शेती आक्रसली आणि चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. खड्डा खणणारे आणि हाडं वाचणारे एकाच आवारात असल्याचा हा परिणाम.

आणि संस्कृत महाकोश. तोही इथेच, १९४८ला सु. मं. कत्रे यांनी सुरू केला. ऋग्वेदापासूनचे सुमारे दीड हजार ग्रंथ वाचून शब्द टिपले, त्यांच्या कोटीच्या घरात चिठ्ठ्या झाल्या. चिठ्ठीवर शब्द, त्याचं व्याकरण, मूळ वाक्य आणि ग्रंथातलं नेमकं स्थळ. मूळ वाक्य अपुरं उतरवलं तर अर्थ ठरवता येत नाही, आणि चिठ्ठी चुकीच्या खणात पडली तर ती हरवल्यातच जमा. संपादक एका शब्दाच्या सगळ्या चिठ्ठ्या काळानुसार लावतो, मग अर्थांचा क्रम ठरवतो: आधी काय, नंतर काय. इथे ग्रंथाचा काळच वादग्रस्त असला, की नोंद अडते. समासांची गर्दी वेगळीच. नकारार्थी ‘अ’ कुठल्याही नामाला लागतो, त्यामुळे पहिलं अक्षरच फुगत जातं. संपादक अ. मा. घाटगे यांच्या देखरेखीखाली पहिला भाग १९७६ला निघाला. ‘इतकी वर्षं झाली तरी अजून अ-च?’ असं विचारणाऱ्यांनी एखाद्या समासाच्या चिठ्ठ्या स्वतः लावून पाहाव्यात.