शेजारच्या तंबूचा अंधार : कोकणकड्यावरचा डिसेंबरमधला मुक्काम

१३ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतला उल्कावर्षाव ऐन भरात असतो. यंदा तो हरिश्चंद्रगडावरून, कोकणकड्यावर झोपून पाहायचा, हे दिवाळीतच ठरलं होतं. मी, नवरा आणि कॉलेजात जाणारे दोन भाचे असे चौघं निघालो. पुण्याहून आळेफाटा, ब्राह्मणवाडा, कोतूळ करत अकराच्या सुमारास गडाच्या पायथ्याच्या पाचनई गावात पोचलो. मुंबईकरांना कसारा-घोटी-राजूर मार्गे यावं लागतं. खिरेश्वरहून तोलार खिंडीतून येणारी वाट देखणी आहे, पण लांबची. पाठीवर मुक्कामाचं ओझं असेल तर पाचनईच धरा, दोन-अडीच तासांत हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिरापाशी पोचता.

पाणी मंदिराजवळच्या टाक्यांतून भरून घ्या. पुढे कड्यापर्यंत अर्धा-पाऊण तास चाल आहे आणि हिवाळ्यात वाटेतल्या पाण्याचा भरवसा नसतो. टाक्यात हात-पाय किंवा भांडी बुडवू नका. आमच्यासमोर एकाने खरकटा डबा सरळ टाक्यात विसळला. त्याच पाण्याचा चहा संध्याकाळी सगळा गड पिणार होता. पाणी बाटलीत काढून दहा-वीस पावलं लांब जाऊन डबा धुवायला असा किती वेळ लागतो?

कड्यावर आम्ही चारच्या आत पोचलो, ते फार बरं झालं. तंबू उजेडीच लावावा. चहावाल्या मावशींनी आधीच बजावलं, “ताई, कड्याला लागून लावू नका, रातचं वारं उठतं.” आम्ही मागे सरकून, एका झुडपाच्या आडोशाला जागा धरली. जवळच्या तंबूपासून मोजून पंधरा पावलं सोडली. तंबूची जागा त्याच्या कापडापाशी संपत नाही. खुंट्या, दोऱ्या आणि दारासमोरचं चार पावलांचं अंगण हेही त्यात आलं. अंधारात दोरीला अडखळून पडणारा स्वतःला लागवून घेतो आणि आतल्यांची झोपही मोडतो. आम्ही दोऱ्यांना पांढऱ्या कापडाच्या चिंध्या बांधल्या. उपाय साधा आहे, पण रात्री दोनदा उपयोगी पडला.

सूर्यास्ताला कड्यावर दाटी झाली. आत वळलेला तो प्रचंड कडा नीट पाहायचा तर काठावर पालथं पडावं लागतं, आणि तशा सुरक्षित जागा मोजक्याच आहेत. दोन मिनिटं पाहावं, मागे सरकावं, पुढच्याला जागा द्यावी. एक जोडपं तिपाई लावून अर्धा तास तिथेच ठाण मांडून होतं. मागे एक आजोबा नातवाचा हात धरून ताटकळले होते. शेवटी ते न पाहताच वळले, याचं मला अजून वाईट वाटतं. मी तेव्हाच बोलायला हवं होतं.

आमचीही एक चूक झाली. जेवण झाल्यावर भाच्याने हेडटॉर्च लावून पिशवीत शाल शोधायला घेतली आणि झोत थेट शेजारच्यांच्या तोंडावर. ती नाशिकची चार मुलं आकाश पाहायलाच आली होती. अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एका झोताने ती सगळी वाया जातात. त्यातला एक उठून आला आणि शांतपणे म्हणाला, “दादा, बॅटरी जरा जमिनीकडे धराल का? आणि हा कागद लावून बघा.” लाल जिलेटिन कागदाचा तुकडा होता. लाल उजेडात पायाखालचं दिसतं आणि डोळ्यांतला अंधारही टिकतो. घरून निघतानाच असा कागद रबरबँडने टॉर्चला लावून घ्या, आणि मोबाइलचा उजेड अगदी मंद ठेवा.

साडेदहाला पंचवीस-तीस जणांचा गट आला, स्पीकर वाजवतच. आमची पोरं चिडली, तिथूनच ओरडायला निघाली होती. नवऱ्याने त्यांना थांबवलं आणि एकटाच जाऊन त्या गटाच्या लीडरशी बोलला. नियम आमच्या बाजूने होता : रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक लावायला बंदी आहे, शिवाय हा सगळा भाग १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. पण त्याने सुरुवात नियमाने केली नाही. “उल्का पाहायला आलोय, तुम्हीही या,” असं म्हणाला. स्पीकर बंद झाला आणि त्यांच्यातले सात-आठजण खरंच चटया घेऊन आले. बाकीच्यांच्या गप्पा मात्र बारापर्यंत ऐकू येत होत्या. तंबूच्या कापडातून कुजबुजसुद्धा आरपार जाते, हे आत बसलेल्याच्या लक्षात येत नाही. मोठा गट असेल तर कड्यापासून आणि इतरांपासून लांब, मंदिराच्या अंगाला उतरावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

शेकोटी आम्ही केली नाही. अभयारण्यात लाकूड तोडायचं नसतं, धूर वाऱ्याबरोबर दुसऱ्याच्या तंबूत शिरतो आणि ठिणगीने तंबूला भोक पडतं. दोन स्वेटर आणि कानटोपी पुरली. शौचाला पाण्यापासून आणि तंबूंपासून किमान ६० मीटर लांब जा, वीतभर खड्डा करा, माती लोटा, कागद पिशवीत घालून परत आणा.

मध्यरात्रीनंतर मिथुन राशीतले पुनर्वसूचे दोन तारे डोक्यावर आले आणि उल्का खऱ्या अर्थाने सुरू झाल्या. दीडच्या सुमारास एक हिरवट, संथ उल्का कोकणाच्या दिशेने उतरत गेली. कुणी ओरडलं नाही. चारी बाजूंच्या चटयांवरून फक्त एक लांब श्वास ऐकू आला.

पहाटे निघणाऱ्यांनी सामान रात्रीच भरून ठेवावं. चार वाजता प्लॅस्टिकच्या पिशव्यांची चुरचुर आणि तंबूच्या चेनचा आवाज फार मोठा वाटतो. आम्ही सातला उठलो तेव्हा नाशिककर गेलेले होते. त्यांच्या जागेवर दबलेलं गवत तेवढं उरलं होतं. लाल कागद अजून भाच्याच्या टॉर्चला आहे.